प्रार्थना कोरडी पडली म्हणजे विश्वास संपला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "१२ वर्षांपूर्वी मी प्रभू येशूचा स्वीकार केला. सुरुवातीची वर्षं फार आनंदाची होती. गेलं दीड वर्ष मात्र प्रार्थनेला बसलो की भिंतीशी बोलतोय असं वाटतं. वचन वाचतो, पण काही आत उतरत नाही. उपासनेत गीत गाताना आपण ढोंग करतोय असं वाटतं. पाळकांना सांगितलं, तर ते म्हणाले, आणखी प्रार्थना करा, उपवास करा. तेही केलं, फरक पडला नाही. माझा विश्वास मुळात खरा होता का, हीच आता शंका येते. मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतो. हे सगळं रेटत राहू की थांबू?"

मी २६ वर्षं पाळकीय सेवेत आहे. हा प्रश्न माझ्यापर्यंत बहुधा भेट संपता संपता येतो. तासभर इकडचं तिकडचं बोलणं होतं, प्रार्थना होते, आणि निरोप घेताना दारात उभं राहून माणूस हळूच म्हणतो, "पाळकसाहेब, एक विचारू का?" तुम्ही आडवळण न घेता विचारलंत. तसं विचारायला धैर्य लागतं, आणि त्याबद्दल मला तुमचा आदर वाटतो.

तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिली म्हणजे कोरडेपणा. देव जवळ आहे ही जाणीव गेली. दुसरी म्हणजे त्या कोरडेपणावरून तुम्ही स्वतःविरुद्ध दिलेला निकाल, की आपला विश्वास खोटाच असणार. माझ्या पाहण्यात पहिलीमुळे माणसं थकतात, पण मंडळी सोडून जातात ती दुसरीमुळे. म्हणून आधी तो निकाल पाहू.

विश्वासाची पर्वाच न उरलेला माणूस दीड वर्ष असा तळमळत बसत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात आजारी मुलाला घेऊन आलेला बाप आठवा. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असं तो एका दमात ओरडतो. येशूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये, मग पाहू, असं सांगितलं नाही. त्याच अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर मुलगा बरा झाला. विश्वास आणि अविश्वास एकाच छातीत नांदू शकतात, आणि प्रभूला ते चालतं, हे त्या बापाने आपल्यासाठी दाखवून ठेवलं आहे.

थोमाकडेही मी पुन्हा पुन्हा वळतो. वधस्तंभावर मेलेला येशू पुन्हा उठल्यावर इतर शिष्य त्याला म्हणाले, आम्ही प्रभूला पाहिलं. तो म्हणाला, खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणारच नाही. यावरून आपण त्याला कायमचा 'संशयी' करून टाकला, पण योहानाने लिहिलेलं पुढचं वाक्य आपण घाईत वाचतो. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. ते आठ दिवस डोळ्यांपुढे आणून बघा. बाकीचे आनंदाने वेडावलेले आणि हा एकटा कोरडा. तरी तो उठून गेला नाही, आणि त्यांनीही त्याला बाहेर काढलं नाही. प्रभू आला तेव्हा थोमा खोलीत होता. टिकून राहणं याचा माझ्या लेखी अर्थ एवढाच आहे. नव्या करारात आपण 'धीर' किंवा 'सहनशीलता' वाचतो, तिथे बहुतेक वेळा मूळ ग्रीक शब्द 'हुपोमोने' असतो. त्याची फोड केली तर 'खाली राहणं' असा अर्थ निघतो, म्हणजे ओझ्याखालून पळून न जाणं. उमाळा, उत्साह, डोळ्यांत पाणी यांतलं काहीच त्या शब्दात नाही.

इथून पुढचं मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती मला ठाऊक नाही. समोर बसलेल्याला मी काही गोष्टी विचारतो, त्या तुम्हालाही विचारतो. झोप लागते का? भूक लागते का? गेल्या दोन-तीन वर्षांत जवळचं कुणी गेलं का, काही मोडलं का? कुणालाच माहीत नाही असं काही तुम्ही जपून ठेवलं आहे का? एखादा प्रश्न आत कुरतडतोय का? मंडळीतल्या कुणी दुखावलं का? बाहेरून सगळ्यांचं लक्षण एकच दिसतं, प्रार्थना होत नाही. कारणं मात्र वेगळी असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला अपाय करतं. "आणखी प्रार्थना करा" हा सल्ला वाईट नाही, पण विचारपूस न करता दिला की ओझ्यावर ओझं होतो.

हे मी अनुभवाने सांगतो, कारण तो सल्ला मीही दिला आहे. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण माझ्याकडे यायचा. प्रार्थनेत मन लागत नाही, म्हणायचा. मी त्याला पहाटे ५ वाजता उठून तासभर वचन वाचायला सांगितलं. त्याने निष्ठेने केलं आणि तो खचतच गेला. तीन महिन्यांनी त्याच्या बहिणीने मला सांगितलं की तो रात्री दोन-तीन तासच झोपतो आणि जेवणावरून त्याची वासना उडाली आहे. त्याला नैराश्याचा आजार होता. डॉक्टरांच्या उपचारांनी तो सावरला. माझ्या सल्ल्याने त्याची उरलीसुरली झोपही गेली होती. मी त्याची क्षमा मागितली, आणि तेव्हापासून झोपेचा प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारतो.

खरं तर हे मला एलीयाच्या गोष्टीतून आधीच कळायला हवं होतं. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहणारा हा संदेष्टा लगेच पुढच्या अध्यायात ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटतो. बैर-शेब्यात चाकराला मागे सोडतो, दिवसभराची वाट एकटा चालतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाचा दूत येतो आणि उपदेशाचा एक शब्दही बोलत नाही. स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलेलं असतं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा उठवून खायला घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही. "तू इथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न ४० दिवसांनी, होरेब डोंगरावर येतो. आपण पाळक मंडळी बऱ्याचदा तो प्रश्न झुडपाखालीच विचारतो.

तुमची झोप, भूक, कामातलं लक्ष, माणसांत मिसळण्याची इच्छा हे सगळंच प्रार्थनेबरोबर कोमेजलं असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. त्यात विश्वासाचा कमीपणा नाही. चार्ल्स स्पर्जन हे एकोणिसाव्या शतकातले मोठे उपदेशक. १९ ऑक्टोबर १८५६ रोजी लंडनच्या सरे गार्डन्स म्युझिक हॉलमध्ये ते उपदेश करत असताना कुणीतरी "आग" अशी खोटी आरोळी ठोकली आणि चेंगराचेंगरीत ७ जणांचा जीव गेला. स्पर्जन तेव्हा २२ वर्षांचे होते. मनाचं खचणं पुढे त्यांना आयुष्यभर पुन्हा पुन्हा गाठत राहिलं. ते त्यांनी लपवलं नाही, पाळक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांनाही मोकळेपणाने सांगितलं. आणि जीव नकोसा झाल्याचा विचार तुमच्या मनात येत असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आत्ता, आजच, घरातल्या कुणाला तरी आणि डॉक्टरांना सांगा. बाकीचं नंतर बोलता येईल.

दुःख हे कारण असेल, तर मी एकच सांगेन: देवापुढे विलाप करा. आपल्या उपासनांत आनंदाची गीतं इतकी असतात की दुःखी माणसाला आपण परके आहोत असं वाटू लागतं. स्तोत्रसंहितेत तसं नाही. १५० स्तोत्रांपैकी ढोबळ मानाने तिसरा हिस्सा विलापाचा आहे. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कारण तो अंधारातला माणूस बोलतोय देवाशीच.

लपवलेल्या गोष्टीबद्दल लिहिताना मला जपून लिहायचं आहे. तुमच्या बाबतीत असं काही आहे, असा माझा तर्क नाही. पण असेल, तर ३२ वं स्तोत्र वाचा. मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, असं दावीद म्हणतो. गुप्त पाप प्रार्थना बंद पाडतं, कारण जे सांगायचं ते सोडून बाकी सगळं आपण देवाशी बोलत राहतो. परत फिरायला उशीर झाला असं वाटत असेल, तर मंडळीच्या इतिहासातली एक गोष्ट सांगतो. इ. स. २५० मध्ये रोमी सम्राट डेसियसने हुकूम काढला की सर्वांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी बळी अर्पण केला. काहींनी पैसे भरून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ते रडत परत आले. रोममधल्या नोव्हेशियन या मंडळीच्या पुढाऱ्याचं म्हणणं होतं की त्यांना दार बंदच असावं. पण २५१ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराच्या सभेत बिशप सिप्रियन आणि त्यांच्या सोबत्यांनी ठरवलं की प्रत्येकाची हकिकत ऐकायची आणि पश्चात्तापाच्या वाटेने परत घ्यायचं. तेच सिप्रियन २५८ मध्ये विश्वासासाठी मारले गेले.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही असंच. योहानाच्या शुभवर्तमानात 'कोळशाचा विस्तव' यासाठी जो ग्रीक शब्द आहे, तो नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. एकदा मुख्य याजकाच्या अंगणात, जिथे पेत्राने प्रभूला नाकारलं, आणि पुन्हा समुद्रकिनाऱ्यावर, जिथे उठलेल्या प्रभूने भाकर आणि मासळी तयार ठेवली होती. मला वाटतं, प्रभूने त्याला मुद्दाम त्याच ऊबेपाशी आणून बसवलं. तीनदा नाकारणाऱ्याला तीनदाच विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि दर उत्तरानंतर मेंढरं त्याच्या हाती सोपवली.

मनात प्रश्न असतील तर ते विचारा. ख्रिस्ताची वाट तयार करणारा बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून निरोप पाठवतो की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशू रागावत नाही. काय घडतंय ते त्याला कळवतो, आणि निरोपे गेल्यावर लोकांपुढे त्याच योहानाची थोरवी सांगतो. प्रश्न वहीत लिहा आणि ज्याला घाईने उत्तर द्यायची सवय नाही अशा कुणाबरोबर एकेक घेऊन बसा. काही सुटतील, काही तुमच्याबरोबर म्हातारे होतील.

मंडळीतल्या माणसांनी केलेली जखम असेल, तर एवढंच सांगतो: प्रभूला धरून राहणं आणि अन्याय करणाऱ्याच्या हाताखाली राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकत्र जमणं सोडू नका, हे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातलं वचन कुणी तुम्हाला छळाच्या जागी अडकवून ठेवायला वापरत असेल, तर ते वचनाचा गैरवापर करत आहेत. सुरक्षित मंडळी शोधा. तिथे पहिले सहा महिने नुसतं मागच्या बाकावर बसलात तरी चालेल.

आता समजा, यातलं काहीच लागू होत नाही. तब्येत ठीक आहे, घर ठीक आहे, मनात काही लपवलेलं नाही, तरी कोरडेपणा आहे. असं होतं. मदर तेरेसांच्या मृत्यूनंतर १० वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची खाजगी पत्रं प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की त्यांनी आयुष्याची कितीतरी दशकं देवाच्या जाणिवेशिवाय काढली होती. त्या काळातही त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या आणि मरणाऱ्यांची सेवा करत होत्या. काही जणांनी त्या पत्रांवरून त्यांचा विश्वास ढोंगी ठरवला. मला उलट वाटतं. ज्याला रोज आतून ऊब मिळते त्याने चालत राहणं सोपं आहे.

माझ्यावर ही वेळ सेवेच्या अकराव्या वर्षी आली. संकट काही नव्हतं. १४ महिने मी कोरडेपणाने उपदेश केला, प्रभुभोजन दिलं, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. शेवटी एका निवृत्त पाळकांना सांगितलं. त्यांनी कारण शोधलं नाही. म्हणाले, "दर गुरुवारी या. तुम्ही नुसते बसा, प्रार्थना मी करतो." मी वर्षभर गेलो. बऱ्याचदा एक शब्दही बोललो नाही. नंतर मार्कचा दुसरा अध्याय वाचताना मला ते गुरुवार आठवले. चार जण पक्षाघात झालेल्या माणसाला उचलून आणतात, छप्पर उकरून खाली सोडतात, आणि येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं तिथे लिहिलं आहे. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल त्या वचनात वेगळं काही म्हटलेलं नाही. मी वर्षभर खाटेवर होतो. जाणीव कधी परत आली ते नेमकं सांगता येणार नाही. एका अंत्यविधीत २३ वं स्तोत्र वाचताना गळा दाटून आला आणि लक्षात आलं की काहीतरी सैल झालंय. पूर्वीचा उमाळा मात्र तसाच्या तसा परत आला नाही. जे आलं ते शांत आहे, आणि मला पुरतं.

तर तुमच्यासाठी. प्रार्थनेची वेळ कमी करा, पण मोडू नका. तासभर भिंतीशी झगडण्यापेक्षा पाच मिनिटं ठरलेल्या वेळी, आणि तीही स्वतःचे शब्द न शोधता. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा, किंवा १३ वं स्तोत्र. ते सहा वचनांचं आहे आणि त्यात चार वेळा "कोठवर?" असं विचारलं आहे. तिसऱ्या वचनापुढे जाववत नसेल तर तिथेच आमेन म्हणा. गीत गाताना ढोंग वाटतं, म्हणता. ते आपल्या मनाची साक्ष म्हणून गाऊ नका, शेजारी उभ्या असलेल्यासाठी गा. तेही जमत नसेल त्या रविवारी गप्प उभे राहा आणि इतरांना तुमच्यासाठी गाऊ द्या. प्रभुभोजन चुकवू नका. तिथे तुम्हाला काही वाटण्याची अट नाही, हात पुढे करायचा आणि घ्यायचं. एक माणूस शोधा, जो तुम्हाला सुधारायला धावणार नाही, आणि त्याला आठवड्यातून एकदा भेटा. आणि मोठा निर्णय, म्हणजे मंडळी सोडणं किंवा विश्वास सोडल्याचं जाहीर करणं, या दिवसांत घेऊ नका. घ्यायचाच असेल तर झोप, शरीर आणि सोबत थोडी जागेवर आल्यावर घ्या. रात्री दोन वाजता दिलेला निकाल तुम्ही दुसऱ्या कुणासाठी ग्राह्य धरला नसता.

राहिली रविवारची शाळा. मुलांसमोर उभं राहताना रोज आतून चिरत जात असाल, तर शिकवणं तीन महिने थांबवा, आणि शाळेच्या प्रमुखांना खरं कारण सांगून थांबवा. नुसतं "वेळ नाही" म्हणू नका, कारण त्या सबबीमागे तुम्ही आणखी एकटे पडाल. पण वर्गात जाणं थांबवू नका. दुसऱ्या कुणाला गोष्ट सांगू द्या, तुम्ही मुलांच्या रांगेत मागे बसा. एलीयाची गोष्ट ज्या दिवशी असेल, त्या दिवशी निखाऱ्यावरची भाकर कुणी ठेवली, असं एखादं मूल विचारेल. उत्तर तुम्हाला येत असेल तर द्या.